सेवा आणि संकोच : समाजकार्याचे विद्यार्थी व मनोरुग्ण

मराठीत 'वेड' हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. नाटकाचे वेड, क्रिकेटचे वेड, वाचनाचे वेड म्हटले की तो कौतुकाचा होतो. तोच शब्द 'वेडा' होऊन एखाद्याला चिकटला की त्याचे जमलेले लग्न मोडते, नोकरी जाते आणि घरातली त्याची जागा माजघरातून पडवीत सरकते. आपल्याकडच्या बोलीत तर येडा, पागल, बह्याड अशा शब्दांची रेलचेल आहे. वर्गात एखाद्याने भलतेच उत्तर दिले की मागच्या बाकावरून 'याला नागपूरला पाठवा' असा शेरा येतो. नागपूरला म्हणजे कोठे, हे कोणालाच विचारावे लागत नाही. तेथील मनोरुग्णालय १८६४ सालचे. आज त्याचे सरकारी नाव प्रादेशिक मनोरुग्णालय असे आहे. पण त्या भागातल्या चौकाला लोक अजूनही पागलखाना चौकच म्हणतात.

हा शेरा कोणत्याही वर्गात यावा यात नवल नाही. नवल याचे की, तो समाजकार्याच्या वर्गातही येतो. ज्यांनी उद्या दवाखान्यात, न्यायालयात, बालगृहात, ग्रामीण प्रकल्पात दुःखितांच्या बाजूने उभे राहायचे, त्यांच्याही मनात मनोरुग्णाविषयी भीती, किळस किंवा निदान संकोच असतो. अंधांसाठी वाचन करणारे, व्यसनमुक्तीची पथनाट्ये करणारे, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात कुदळ-फावडे हाती घेणारे विद्यार्थी मनोरुग्ण म्हटले की एक पाऊल मागे घेतात. असे का होते आणि त्यावर काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कलंक म्हणजे काय?

ज्याला समाजशास्त्रात 'स्टिग्मा' म्हणतात, त्याला आपण कलंक किंवा डाग म्हणू. मूळ शब्द ग्रीक आहे. गुलाम व गुन्हेगार यांच्या अंगावर चाकूने कापून किंवा डागून जी खूण केली जाई, तिला ग्रीक लोक हे नाव देत. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ साली याच नावाचे पुस्तक लिहिले, तेव्हापासून या शब्दाला शास्त्रीय अर्थ आला. खूण मुळात शरीरावर नसते, ती पाहणाऱ्याच्या नजरेत असते, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होय.

पुढे २००१ साली लिंक व फेलन या अभ्यासकांनी कलंक कसा तयार होतो याच्या पायऱ्या सांगितल्या. त्या आपल्या भाषेत अशा मांडता येतील. प्रथम माणसाला नाव चिकटते : 'तो मेंटल आहे.' मग त्या नावाला वाईट गुण जोडले जातात : 'मेंटल माणसे मारतात, त्यांचा भरवसा नाही.' तिसऱ्या पायरीवर 'आपण' आणि 'ते' अशी भिंत उभी राहते. चौथ्या पायरीवर त्या माणसाची पत उतरते आणि पाचव्यावर त्याला प्रत्यक्ष वागणूकच वेगळी मिळू लागते. मात्र हे सारे घडायला एक अट लागते : नाव चिकटवणाऱ्याच्या हाती काही सत्ता हवी. समाजकार्याच्या विद्यार्थ्याने ही अट विशेष ध्यानात ठेवावी. कारण उद्या अहवाल तोच लिहिणार आहे, आणि त्या अहवालावरून कोणाला घरी पाठवायचे व कोणाला नाही हे ठरणार आहे.

सेवाग्रामचा धडा

आपण वर्धा जिल्ह्यात राहतो. कलंक आणि सेवा यांचा संबंध काय, हे शिकण्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. वर्ध्यापासून आठ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. गांधीजी १९३६ साली तेथे राहावयास आले, तेव्हा त्या गावाचे नाव शेगाव होते. येरवड्याच्या तुरुंगात ज्यांच्याशी त्यांचा परिचय झाला होता, ते संस्कृतचे विद्वान परचुरे शास्त्री महारोगाने पीडित होऊन पुढे आश्रमात आले. त्या काळी महारोग्याला गावकुसाबाहेर काढत. घरचेही त्याला जवळ करत नसत. रोगावर खात्रीचे औषध नव्हते आणि संसर्गाची धास्ती सर्वांनाच होती. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ झोपडी बांधून दिली आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगाला मालिश केले. परचुरे कुटी आजही सेवाग्रामला पाहता येते.

त्याच सुमारास, १९३६ साली, मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तापूर येथे कुष्ठसेवेचे काम सुरू केले. १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण संस्था स्थापन झाली आणि तिचे मुख्य ठाणेही वर्धाच राहिले. घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार या तीन अंगांची तिची पद्धत पुढे देशभर गेली. याच जिल्ह्यातील हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांनी वरोऱ्याला आनंदवन उभे केले. बहुविध औषधोपचार आला तो १९८२ नंतर. कुष्ठरोगाच्या कारणावरून घटस्फोट मागण्याची कायद्यातील तरतूद तर २०१९ साली रद्द झाली.

हा क्रम नीट पाहावा. हात आधी पुढे आला, खात्रीची गोळी नंतर आली, आणि कायदा सर्वांत शेवटी बदलला. शिवाय ज्यांनी प्रथम हात लावला ते समाजातले कोणी सामान्य नागरिक नव्हते, ते सेवक होते. सेवकाचा संकोच गेल्यावरच समाजाचा संकोच हळूहळू कमी झाला. मनोरुग्णांच्या बाबतीत गोष्ट उलटी आहे. औषधे आहेत, चांगला कायदाही आहे. पण हात अजून पुरता पुढे आलेला नाही.

दोन्ही रोगांत एक फरकही आहे. कुष्ठरोग्याच्या हातापायावर खूण दिसे. मानसिक आजाराची खूण दिसत नाही. म्हणून तो लपवता येतो आणि लपवला जातो. लपवण्यात उपचाराचा काळ निघून जातो, हे या कलंकाचे सर्वांत मोठे नुकसान होय.

पूज्य वेडा आणि साखळीतला वेडा

आपली परंपरा वेडाकडे केवळ तुच्छतेने पाहात आली असे मात्र नाही. अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपूरच्या श्रीगोविंदप्रभूंना लोक वेडे म्हणत आणि तरी त्यांच्या मागे जात. महानुभाव ग्रंथकारांनी हे सारे आदराने लिहून ठेवले आहे. सेवाग्रामचे भन्साळीकाका पहा. मौनाचे व्रत मोडू नये म्हणून त्यांनी तांब्याच्या तारेने ओठ शिवून घेतले होते. दुसऱ्या कोठे त्यांना काय म्हटले असते हे सांगायला नको. याच भन्साळींनी १९४२ साली चिमूरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून ६३ दिवसांचे उपोषण केले. ते मनोरुग्ण होते असे मला मुळीच सुचवायचे नाही. एखादे वागणे आपल्याला कळले नाही की 'वेडा' म्हणण्याची आपल्याला किती घाई होते, एवढेच दाखवायचे आहे.

पण या परंपरेवर फार विसंबूनही चालणार नाही. ज्याच्या वेडात देव दिसला त्याची समाधी झाली. ज्याच्या वेडात दिसला नाही त्याच्या पायात साखळी पडली. तमिळनाडूतील एरवाडी येथे एका दर्ग्याजवळच्या आश्रयस्थानाला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्यामुळे जळून मेले. आपल्या राज्यात २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे हा गुन्हा ठरवला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने जखडण्यास साफ मनाई केली आहे.

आजार किती आणि उपचार किती?

मानसिक आजार म्हणजे केवळ रस्त्यावर फाटक्या कपड्यांत फिरणारा माणूस, अशी आपली समजूत असते. वस्तुतः नैराश्य, चिंताविकार, व्यसनाधीनता, स्किझोफ्रेनिया, उन्माद-अवसाद असे त्याचे अनेक प्रकार आहेत आणि त्यांतले बहुसंख्य रुग्ण आपल्यातच वावरत असतात. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. निरनिराळ्या विकारांत उपचाराविना राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के इतके होते.

विदर्भापुरते बोलायचे तर शेतकरी आत्महत्यांमुळे हा प्रश्न आपल्या दारात उभा आहे. कर्ज, नापिकी, भाव ही कारणे आहेतच आणि नैराश्याचे नाव पुढे करून त्यांना बाजूला सारता येणार नाही. तथापि कर्जाने खचलेल्या माणसाला झोप येत नाही, जेवण जात नाही, जगणे नकोसे वाटते, तेव्हा त्याला बोलायला जागा हवी हेही तितकेच खरे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा एक प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन त्यांनी लोकांशी बोलावे, प्रथमोपचारासारखा धीर द्यावा आणि गरजूंना समुपदेशकाकडे व डॉक्टरकडे पोचवावे अशी त्याची रचना होती. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गावात मोठे रुग्णालय उभारून हे झाले नाही. ओळखीच्या माणसाने न लाजता विषय काढला, म्हणून झाले.

मग आपणच मागे का?

समाजकार्याचे शिक्षण भारतात १९३६ साली मुंबईच्या सर दोराबजी टाटा पदव्युत्तर विद्यालयापासून सुरू झाले आणि मनोरुग्ण-समाजकार्य ही त्याची जुनी शाखा आहे. तरीही विद्यार्थ्यांचा संकोच जात नाही, याची मला चार कारणे दिसतात.

पहिले कारण उघड आहे. विद्यार्थीही त्याच घरांतून येतो, जेथे शेजारच्या काकूंना 'बाहेरचे' झाले असे सांगितले जाते. प्रवेश घेतल्याने त्याच्या मनाची पाटी कोरी होत नाही.

दुसरे कारण आपल्या शिकण्याच्या रीतीत आहे. मानसिक आजार आपल्याला एक प्रकरण आणि एक भेट या रूपात भेटतो. प्रकरणात लक्षणांची यादी असते. ती पाठ होते. मग सहल जावी तशी मनोरुग्णालयाला एका दिवसाची भेट ठरते. तेथे आपल्याला दिसतात ते सर्वांत गंभीर अवस्थेतील किंवा घरच्यांनी वर्षानुवर्षे सोडून दिलेले रुग्ण. बरा होऊन गावी शेती करणारा, शिलाईचे दुकान चालवणारा, शाळेत शिकवणारा माणूस तेथे दिसतच नाही. आपण जाळीच्या अलीकडून पाहतो, टिपणे घेतो आणि बसमध्ये बसतो. अशा भेटीने पूर्वग्रह कमी न होता पक्का होण्याचाच संभव अधिक.

तिसरे कारण म्हणजे दया. विद्यार्थ्यांच्या मनातला कलंक शिवीच्या रूपाने क्वचितच बाहेर पडतो. 'बिचारा, त्याला काय कळते' या रूपाने तो बाहेर पडतो. मग आपण रुग्णाला न विचारता त्याच्या आईशी बोलतो, त्याच्यासमोर त्याच्याविषयी तिसऱ्या पुरुषात बोलतो, त्याच्या वतीने निर्णय घेतो. आपली अहवालाची भाषाही तशीच घडते. 'रुग्ण आक्रमक व असहकारी' असे एक वाक्य लिहिले की काम झाले. त्याऐवजी 'दोन दिवस गोळ्या मिळाल्या नव्हत्या. रात्री दोनदा ओरडला. पाणी दिल्यावर शांत झाला' असे लिहिले तर माणूस दिसतो आणि उपायही दिसतो. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे हिंसक नसतात. उलट त्यांनाच मारहाण व फसवणूक अधिक सोसावी लागते. हे पुस्तकात वाचूनही आपली लेखणी 'आक्रमक' हा शब्द सहज उचलते.

चौथे कारण सर्वांत अवघड, आणि त्याविषयी आपण बोलतच नाही. आपल्यातही आजारी विद्यार्थी असतात. माझ्या परिचयाची एक विद्यार्थिनी काही महिने वर्गात आली नाही. पोटाचे दुखणे असल्याचे तिने सर्वांना सांगितले होते. ती नैराश्यावर उपचार घेत होती. पुढे तिने कारण सांगितले ते असे : 'मी गोळ्या घेते हे कळले तर मला कोण केस देईल? म्हणतील, हिलाच समुपदेशन हवे.' तिचे म्हणणे चुकीचे होते असे मला म्हणता येत नाही. जो वर्ग इतरांचे दुःख ऐकण्याचे शिक्षण घेतो, त्याच वर्गात तिला पोटदुखीचा आसरा घ्यावा लागला. 'मन घट्ट कर', 'चांगले विचार कर', 'आपल्याहून दुःखी लोकांकडे बघ' असा उपदेश तिला मिळाला असता, आणि तो उपदेशही कलंकाचेच एक सौम्य रूप होय. मधुमेहाच्या रोग्याला आपण मन घट्ट करायला सांगत नाही.

एक मोजपट्टी

बोगार्डस या समाजशास्त्रज्ञांनी १९२५ साली 'सामाजिक अंतर' मोजण्याची एक पद्धत मांडली. ती समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच. मूळ पद्धत निरनिराळ्या वंशांच्या लोकांसाठी होती. पुढे ती मानसिक आजारासाठीही वापरली गेली. ती आपण स्वतःवर लावून पाहावी. मानसिक आजारातून बरा झालेला माणूस माझ्या गावात राहिला तर चालेल का? शेजारी? माझ्याबरोबर क्षेत्रकार्यात? वसतिगृहाच्या माझ्या खोलीत? मी आजारी असताना माझी देखभाल करायला? माझ्या बहिणीचा नवरा म्हणून? पहिल्या दोन-तीन प्रश्नांना आपण मोठ्या उदारपणे होकार देतो. उत्तर कोठे अडखळते ते ज्याने त्याने पाहावे. ते कोणाला सांगण्याची गरज नाही. पण ते ठाऊक असल्यावाचून पुढचे पाऊलही पडायचे नाही.

उपाय कोणते?

माहिती द्यावी, भित्तिपत्रके लावावीत, व्याख्याने ठेवावीत हे उपाय नेहमीचे आहेत आणि ते करूच नयेत असे नाही. परंतु अमेरिकन अभ्यासक कॉरिगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली १४ देशांतील ७२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा प्रौढांच्या बाबतीत नुसत्या माहितीपेक्षा बऱ्या होत असलेल्या माणसाची प्रत्यक्ष गाठ अधिक परिणामकारक ठरते असे दिसून आले. परंतु कोणतीही गाठ चालत नाही. मानसशास्त्रज्ञ ऑलपोर्ट यांनी १९५४ सालीच सांगून ठेवले होते की, पूर्वग्रह कमी व्हायचा तर दोघे बरोबरीच्या नात्याने भेटले पाहिजेत, त्यांनी एका कामासाठी एकत्र राबले पाहिजे आणि संस्थेचा त्याला पाठिंबा पाहिजे. मनोरुग्णालयाच्या एका दिवसाच्या भेटीत यांतली पहिलीच अट पुरी होत नाही.

ऑलपोर्टच्या अटी परक्या वाटण्याचे आपल्याला कारण नाही. एकत्र राहणे, एकत्र राबणे हे तर सेवाग्रामचे शिक्षणच. तेथील महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेत आजही नव्या विद्यार्थ्यांचे पहिले दिवस आश्रमात जातात आणि प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. त्या धर्तीवर आपल्यालाही काही गोष्टी करता येतील.

एक, मानसिक आजारातून सावरलेल्या व्यक्तीला वर्गात उदाहरण म्हणून नव्हे, तर व्याख्याता म्हणून बोलवावे. तिचा मानधनासह यथोचित सन्मान व्हावा. दोन, एका दिवसाच्या भेटीऐवजी निदान एक सत्रभर, आठवड्यातून ठराविक दिवशी, काही विद्यार्थ्यांनी पुनर्वसन केंद्रात किंवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या बाह्यरुग्ण विभागात काम करावे. तेथे बरे होत असलेली माणसे भेटतात. कर्जतजवळ डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेने रस्त्यावरच्या हजारो मनोरुग्णांना उपचार करून आपापल्या घरी पोचवले; २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घरी पोचवण्याचे हे काम पत्ता शोधणे, भाषा समजून घेणे, घरच्यांची समजूत घालणे अशा समाजकार्याच्याच कौशल्यांवर चालते. तीन, सेवा योजनेच्या शिबिरात गावच्या आशाताईंबरोबर घरोघर जाताना मधुमेह, रक्तदाब यांच्याबरोबर झोपेची, काळजीची, उदासीची चौकशी त्याच सहज स्वरात करावी. चार, आपल्या अहवालांची भाषा प्राध्यापकांनी हाताच्या अंतराप्रमाणे तपासावी. 'वेडसर', 'आक्रमक', 'असहकारी' हे शब्द आले की 'काय पाहिलेस ते लिही' असे सांगावे.

पाचवी गोष्ट प्राध्यापकवर्गाला नम्रपणे सांगावीशी वाटते. मानसिक कारणाने रजा मागणाऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट त्याच दिवशी खोलीबाहेर गेली, तर पुढचे दहा विद्यार्थी पोटदुखीच सांगतील. गुप्तता हे समाजकार्याचे तत्त्व आपण पहिल्याच वर्षी शिकतो; ते आधी आपल्याच विद्यार्थ्यांना लागू व्हावे. ज्यांना ओळखीच्या माणसाशी बोलवत नाही त्यांच्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून ती रात्रंदिवस आणि विनामूल्य चालते. हा क्रमांक ग्रंथालयाच्या दारावर परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी लागावा.

२०१७ च्या कायद्याने आणखी एक हक्क दिला आहे. केवळ घरचे नेत नाहीत म्हणून बऱ्या झालेल्या माणसाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. त्याला समाजात राहण्याचा अधिकार आहे. हा अधिकार कागदावरून उतरायचा तर अशा माणसासाठी खोली शोधणारा, घरमालकाशी बोलणारा, रोजगार मिळवून देणारा कोणीतरी लागेल. आज आपल्या बाकांवर बसलेल्यांपैकी काही जण उद्या त्या जागेवर असतील. घरमालक त्यांना पहिला प्रश्न हाच विचारील : 'तुम्ही स्वतः ठेवाल का याला घरात?' त्या वेळी द्यायचे उत्तर पदवी मिळाल्यावर शोधून चालणार नाही. ते महाविद्यालयात असतानाच तयार व्हायला हवे.